लालीकाकीची एकोणीस गाणी

तांडा, ता. दिग्रस
३ फेब्रुवारी २०२५

ती. जीवनभियास,
धाकट्या बबिताचा शि. सा. न.

फोनवर तू हो-हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहून राह्यली.

लालीकाकीच्या घशाचं ऑपरेशन नागपूरला नीट झालं, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. नवरीला निरोप देताना गातात तो ढावलो आपल्या तांड्यात पुरता तिलेच येत होता. ऑपरेशनआधी मी तुझ्या जुन्या आयफोनवर तिची एकोणीस गाणी रेकॉर्ड केली. ती फक्त त्याच फोनमध्ये आहेत. आता त्याची मेमरी भरली अन् तो घडीघडी बंद पडतो. इतक्या जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही, आणि ईमेल एवढ्या मोठ्या फायली घेत नाही. शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. वायर लावली तर फोटो दिसतात, गाणी नाही. मोबाईलचा दुकानदार म्हणे, फोन पुसून कोरा करा, मस्त चालेल! मी फोन उचलला अन् घरी आली. काय करू, ते कळव.

याडी बरी आहे, आईची काळजी करू नको. बहिणीवर आहे ती माया तशीच राहू दे.
तुझी बबिता

पुणे
११ फेब्रुवारी

चि. बबितास अनेक आशीर्वाद.

काकीचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. पण खरं सांगतो, आयफोन आणि लिनक्स यांचं सहजासहजी जमत नाही. मे महिन्यात येईन तेव्हा माझा लॅपटॉप आणतो. तोवर फोनला हात लावू नकोस. तू मास्तरीण आहेस, पोरांना पाढे शिकव. उगाच इंजिनियर होऊ नकोस. याडीला नमस्कार सांग.
तुझा भिया

तांडा
१० मार्च

ती. भियास शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. मेपर्यंत तो फोन टिकला नसता.

सलग तीन रविवार शाळेत बसली. दोन्हीकडे चालणारं, फायली पाठवायचं एक फुकट ॲप सापडलं, पण फोनमध्ये ते टाकायले जागा नव्हती. मग सुचलं, की लॅपटॉपला फोटो तर दिसतात! वायरनं सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले, दोनदा तपासले, मग फोनमधून पुसले. जागा झाली, ॲप बसलं. आमच्या शाळेतल्या गोपाल सरांनी त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट दिलं आणि आयफोन अन् लॅपटॉप एकाच नेटवर आल्यावर लॅपटॉपनं आयफोनले ओळखलं. सोळाव्या गाण्यावर फोन बंद पडला. मी रडकुंडीला आली. सरांनी चहा पाजला, अन् तासाभरानं तो परत सुरू झाला. एकोणीसही गाणी आली, भिया!

काकीकडे मेमरी कार्डवाला लहान स्पीकर आहे. त्यावर ती वाजेनात, म्हणून एमपीथ्री करून दिली. पहिलं गाणं लागलं तेव्हा काकी भिंतीकडे तोंड करून बसली. मले वाटलं, चुकलंच आपलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच खुणेनं पोरींना बोलावलं. आता रोज पाच-सहा पोरी गाण्यासोबत म्हणतात. कोणी चुकली की काकी बटन दाबून गाणं थांबवते, मागं नेते अन् पुन्हा म्हणायले लावते. फार कडक मास्तरीण आहे.

गाण्यांची कार्डावर एक प्रत करून पाठवते आहे. रागावला असशील तर रागाचं का होईना, पत्र लिही.
तुझी बबिता

पुणे
२० मार्च

चि. बबितास,

कार्ड मिळालं. ऑफिसात सगळ्यांना तुझी हकीकत सांगितली. आधी फोटो लॅपटॉपवर हलवून जागा करायची ही साधी युक्ती माझ्या डोक्यात आली नव्हती. बारा वर्षं मी कॉम्प्युटरचंच काम करतो, आणि तुला मात्र थांब म्हणालो.

घरी गाणी लावली. सातवं लागल्यावर निकितानं विचारलं, की ही आजी काय म्हणते आहे. लेक चौदा वर्षांची झाली, आपली बंजाऱ्यांची गोरबोली मी तिला कधी शिकवलीच नाही. एकेक ओळ थांबवून अर्थ सांगायला बसलो, तर तीन ओळी मलाच कळल्या नाहीत. त्या सोबतच्या चिठ्ठीवर लिहिल्या आहेत. तू अर्थ लाव, काकीनं मान डोलावली की कळव. निकिता रोज विचारते.

मोठ्या भावानं आशीर्वाद द्यायचा असतो. या खेपेला माझा नमस्कार घे.
तुझा जीवन