सातच्या आत ‘मी आहे’ दाब

अरे, दार ढकलू नकोस. छकुली अंगावरच झोपलीय. मी दाराला टेकून बसलेय, चिठ्ठी खालच्या फटीतून सरकवतेय. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला.

माझ्या ऑनलाइन फुटबॉल लीगचा सामना सातला आहे. त्याआधी ॲप उघडून ‘मी आहे’ हे बटण दाब. नाहीतर माझी टीम कॉम्प्युटर चालवतो, आणि त्याला कुणाला नाही म्हणताच येत नाही. छकुलीला ताप होता तेव्हा मी खेळायला आले नाही, तर दुसऱ्या टीमवाल्या एकानं दोन थकलेले म्हातारे खेळाडू गळ्यात मारून, बदल्यात मी घडवलेला पोरगा पळवला. कॉम्प्युटर म्हणाला, चालेल.

हसू नकोस. काल तुझ्या ताईंनी फोनवर विचारलं, माझ्या मुलांना सुट्टीभर तुमच्याकडे पाठवू का. तूही माझ्या वतीनं ‘चालेल’ म्हणालास. मी शेजारीच उभी होते.

मुलं गोड आहेत रे, प्रश्न तो नाही. आधी बटण दाब. मग ताईंना सांग, ‘तिला विचारून कळवतो.’ आणि मग खरंच विचार, हळू आवाजात, या फटीतून. मी इथेच आहे.