परक्याच्या वस्तूला हात

बाई, तुमच्या शोकसभेला मी आले होते, मागच्या रांगेत बसले होते. एकेक जण उठून सांगत होता, बाईंना मुलांची पारख होती. पारख! भाजी घेताना बाईमाणूस वांगंसुद्धा उलटसुलट करून बघतं. तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला तेवढंही पाहिलं नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही.

वडिलांना अंबडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही सायखेड्याहून इंदिरानगरला आलो. मी चौथीत, ती दुसरीत. नव्या शाळेत ती तोंडच उघडेना. महिनाभरात तुम्ही आईला बोलावलंत. आई पदर सावरत म्हणाली, "घरी लय बोलते वो बाई ती. हिथं बुजलीय." तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "घरी कोणीही बोलतं. वर्गाचा निकाल मला द्यायचा असतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर चिठ्ठी लिहून दिलीत, 'मुलगी मंद आहे. तपासून खास शाळेत घालावी.' म्हणजे निकाल तुम्ही आधीच लावला होता, तपासणी नुसती नावाला.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून फॉर्म भरायला मीही बरोबर गेले. अजून दिसतं मला. टेबलावर रंगीत लाकडी ठोकळे आहेत, शेजारी चित्र. तपासणारे साहेब म्हणतात, "असं जुळव बघू," आणि घड्याळ लावतात. बहीण हात मांडीवर ठेवून आईकडे बघते. आमच्याकडे नियमच होता, परक्याच्या घरी आई 'घे' म्हणेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, समोर लाडू ठेवला तरी. आईला वाटलं, पोर विचार करतेय, मध्ये बोललं तर कॉपी धरतील. साहेबांनी दोनदा सांगितलं, ते ठोकळे उचलले, दुसरे मांडले. बहीण तशीच बसून. शेवटी कागदावर शिक्का बसला, मतिमंद. साहेबांनी निदान तुमच्या चिठ्ठीवर तरी विश्वास ठेवला होता. तुम्ही कशावर ठेवला होता?

पाच वर्षं ती त्या खास शाळेत मेणबत्त्या करत होती. मग तिथे आलेल्या एका नव्या मॅडमना शंका आली. त्यांनी आईला बाहेर बसवलं, स्वतः जमिनीवर मांडी घातली, तसेच ठोकळे तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "घे, तुझेच आहेत हे." तिने भराभर सगळे जुळवले आणि विचारलं, "आणखी आहेत का?" पण बाराव्या वर्षी साध्या शाळेत तिसरीच्या बाकावर बसायला ती तयार होईना. आज ती ब्लाउज शिवते, नुसत्या नजरेने माप सांगते. पेपर मात्र घरात कुणी नसताना वाचते, ओळीखाली बोट ठेवून.

तुमची मला कीव येत नाही, किळस येते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला वाचू द्यायचं नाही. ती टेबलाशी का थांबलीय, हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. नुसतं 'घे' म्हणायचं होतं. पण शाळेतल्या मुली मला वेडीची बहीण म्हणायच्या. मी गप्प बसले, आणि शिक्का बसल्यावर मला हायसं वाटलं.