पुलाअलीकडे ठेवायचे रिव्हॉल्व्हर

मी, डेल्बर्ट ऑर्नडॉर्फ, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार बकहॉर्न फेरी, पश्चिम व्हर्जिनिया, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचीही सक्ती नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हृदय मात्र ठिकाणावर नाही. त्याची झडप येत्या गुरुवारी बदलायची आहे आणि ते रुग्णालय नदीपलीकडे, मेरिलँड राज्यात आहे. पत्नी ट्विला म्हणते की सक्ती नसल्याचे विधान असत्य आहे, कारण ती चार दिवस "लिही, लिही" म्हणून मागे लागली होती. तिची हरकत नोंदवली आहे.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. नऊ वर्षांपूर्वी आईच्या कबरीपाशी मी उच्चारलेले एक वाक्यही रद्द समजावे. ते कोणते, हे कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, कोंबड्यांसह खुराडे आणि बँकेतली शिल्लक ट्विलाला. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करण्याचा माझा सहा वर्षांचा निर्धारही तिलाच.

कलम २. सुतारकामाची हत्यारे चर्चला द्यावीत. रंधा मात्र पाद्रीबुवांच्या हाती पडू देऊ नये. त्यांनी तासलेले बाक मी पाहिले आहे, त्यावर बसलोही आहे.

कलम ३. माझे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर मित्र बॉयड श्रीव्ह, गॅरेजवाला, यास. ते अंगावर झाकून बाळगायला आमच्या राज्यात आता परवाना लागत नाही. तरीही मी तो काढून ठेवला आहे, कारण ओहायो आणि केंटकी तो मानतात. मेरिलँड मानत नाही. बॉयडने ध्यानात ठेवावे की परवाना आपल्या खिशात असला तरी कायदा पायाखालच्या जमिनीचा असतो. राज्य ओलांडण्याआधी तिथला आणि वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम ताजा वाचावा. जिथे परवाना चालत नाही, तिथून नुसते पुढे जायचे असले तरी हद्दीआधी थांबून गोळ्या काढाव्यात, शस्त्र कुलूपबंद पेटीत आणि गोळ्या वेगळ्या ठेवून दोन्ही डिकीत टाकावे. हा विधी मी आयुष्यभर यथासांग केला.

अपवाद एकदाच झाला. पोटोमॅक नदी आमच्या काठापर्यंत सबंध मेरिलँडची आहे. मासे धरताना टोपी उडाली म्हणून मी कमरेला रिव्हॉल्व्हर असताना घोटाभर पाण्यात उतरलो. काठावरून बॉयड म्हणाला, "डेल, तू परराज्यात आहेस."

"टोपी घेतो अन् येतो."

"टोपीला परवाना लागत नाही. ती जाऊ दे, तू मागे फीर."

मी मागे फिरलो. टोपी गेली. असे वेळेवर बजावणारा माणूस वारस म्हणून योग्य होय.

कलम ४. आईचे दफन मेरिलँडात, माझा धाकटा भाऊ वेंडेल राहतो त्या गावी होते. निघताना ट्विलाने विचारले, "दफनाला पिस्तूल कशाला? अंगावर कोण धावून येणार, पाद्री?" मी म्हणालो, सवय आहे. पोटोमॅकच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली, गोळ्या काढल्या, दोन्ही पेट्यांना कुलपे लावली, डिकी बंद केली आणि गाडीची किल्ली आत राहिली. बॉयड डिकी उघडायला तार घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. मी पोचलो तेव्हा कबरीवर माती पडली होती.

वेंडेल म्हणाला, "आईला खाली सोडत होतो, आणि तू तिकडे गोळ्या मोजत बसलास?"

मी म्हणालो, "मी कायदा पाळला."

रद्द करायचे वाक्य ते हेच. कायदा पाळलाच होता, पण सांगायची ती जागा नव्हती. त्यानंतर वेंडेल माझ्याशी बोलला नाही. मीही त्या पुलावर गेलो नाही, आणि इतकी वर्षे दोष मेरिलँडच्या शस्त्रकायद्याला देत राहिलो. कायद्याने बिचाऱ्याने रिव्हॉल्व्हर घरी ठेवून येऊ नको असे कधीच म्हटले नव्हते.

कलम ५. वडिलांची कड्यावरची अकरा एकर वेंडेलला. तिथे हरणे उतरतात आणि ती जमीन त्याला लहानपणापासून हवी आहे.

इथवर लिहून मी काल त्याला फोन केला.

"शस्त्रक्रियेचं ट्विलानं कळवलंय," तो म्हणाला. "मला काय ठेवलंयस?"

"कड्यावरची जमीन."

तो म्हणाला, "साक्षीला कोण आहे?"

"अजून कोणी नाही. दोन जण लागतात. बॉयड अन् ट्विला वारस आहेत, त्यांना चालत नाही. वारसानं साक्ष केली तर त्याचा वाटा जातो."

"साक्षीदारानं बसायचं कुठं?"

"माझ्यासमोर. मी सही करताना बघत."

"मग जमीन राहू दे," वेंडेल म्हणाला. "सही करायला माझ्याकडे ये. आणि डेल, मोकळ्या कमरेनं ये."

सबब कलम ५ खोडले आहे. ती अकरा एकर ट्विलाला. रिव्हॉल्व्हर बॉयडच्या तिजोरीत आहे. आज मी पुलावरून न थांबता आलो.

सही: डेल्बर्ट ऑर्नडॉर्फ

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सही केली:
१. ओडेट क्लिंगर, वेंडेलची शेजारीण. (सफरचंदाचे सारण भरून भाजलेला पाय घेऊन आली होती, तिला बसवून घेतले.)
२. वेंडेल ऑर्नडॉर्फ, सख्खा भाऊ. या मृत्युपत्रान्वये यास काहीही मिळत नाही.

स्थळ: वेंडेलचे स्वयंपाकघर, ओल्ड टॅनरी, मेरिलँड
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२२, मंगळवार