दर टाक्याला एक ओळ

साखरखेर्डा,
८ जानेवारी २०२४

चि. अदीबास अब्बाचा सलाम आणि उदंड दुआ. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. पावसाळ्यातल्या तापानं कान नेले, फोन कानाला लावून आता उपयोग नाही. गुरुजींनी अक्षर मात्र चांगलं घोटून घेतलं होतं, म्हणून हा कागद. तुझी अम्मी खुशाल आहे. ती पाटीवर लिहून भांडते, त्यामुळे भांडणं निम्म्यावर आली.

बातमी वाईट आहे. गोकुळभाऊंच्या लेकीच्या, योगिनीच्या, लग्नाची गादी मी भरली होती. काल ती परत आली. टाके वाकडे, कापूस एकीकडे ढेकूळ, एकीकडे पोकळ. तीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेली गादी कधी परत आली नव्हती. गोकुळभाऊ भला माणूस, पाटीवर एवढंच लिहिलं की सवडीनं नीट करून द्या. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान गेले, आता हातही चालले. ही गादी कशीबशी सुधारून देतो आणि दुकानाला कुलूप लावतो. तू रडायचं नाहीस.

वर्गातल्या पोरांना दुआ. म्हाताऱ्याची आठवण असू दे.

तुझा अब्बा,
शकूर

बुलढाणा,
१४ जानेवारी २०२४

ती. अब्बांना अदीबाचा सलाम. वि. वि.

रडले नाही, रागावले आहे. पत्र वाचून लगेच अम्मीला फोन केला आणि विचारलं, की अब्बा गादी भरताना हल्ली गप्प असतात का. ती म्हणाली, हाव, सहा महिने झाले. समोरच्या चहावाल्या रंगरावकाकांनी थट्टेनं लिहून दाखवलं म्हणे, की तुमचा आवाज पार स्टँडपर्यंत जातो. तेव्हापासून तुम्ही ओठ शिवलेत.

अब्बा, तुम्ही दर टाक्याला एक ओळ म्हणायचात:

कापूस तुहा, धागा तुहा,
बोटंबी तुहीच, मालका;
जसं ठेवशील तसं ठेव,
शुक्र तुहाच, मालका.

अल्लाहचे आभार मानणाऱ्या त्या ओळींवर तुमचा हात चालायचा. हात बिघडलेला नाही, ओळी बंद पडल्यात.

मला कसं कळलं ते सांगायला लाज वाटते. मी बारावीत होते. मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्या घरी हम्द, अल्लाहची स्तुती, म्हणजे नफीस, नाजूक उर्दूत. आणि माझा बाप दुकानात गावठी बोलीत अल्लाहशी बोलत होता. मी तुम्हाला खुणेनं गप्प केलं. तुम्ही लगेच थांबलात, एका शब्दानं रागावला नाहीत. ती गादी माझ्याच हॉस्टेलची होती. अजून मी तिच्यावर झोपते. तिच्या टाक्यांच्या मधल्या दोन ओळी वाकड्या आहेत, अब्बा.

आज त्याच ओळी मी पाचवीच्या पोरांना म्हणून दाखवते आणि छाती फुगवून सांगते, की ह्या माझ्या अब्बांच्या आहेत. तेव्हा आता म्हणा. स्टँडपर्यंत जाऊ द्या.

रागावले असले तरी माया कमी करू नका.

तुमची,
अदीबा

साखरखेर्डा,
२ फेब्रुवारी २०२४

चि. अदीबास सलाम, दुआ. वि. वि.

मास्तरीण झालीस आणि पहिली परीक्षा बापाचीच घेतलीस.

मागच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर गादी उसवली, कापूस नव्यानं पिंजला आणि सुई हातात घेतली. पहिली ओळ म्हटली, पण मलाच ऐकू येईना. जीव घाबरा झाला. मग डावा हात छातीवर ठेवला. हाताला आतली थरथर लागली, म्हणजे आवाज होता. मग म्हणतच गेलो. संध्याकाळी तुझी अम्मी टाके मोजायला पट्टी घेऊन बसली. एकही टाका हललेला नव्हता.

रंगराव चहा घेऊन आला, डोळे पुसत होता. पाटीवर लिहिलं, भाऊ, काऊन गप होते इतके दिवस, बाजार सुना लागत होता. गोकुळभाऊंनी भर मांडवात चारचौघांना गादी दाखवली. दुकान उघडंच आहे. मीही जरा ताठ चालतो, अम्मीला ते खपत नाही.

काम करता करता एक नवी ओळ जुळली. पोरांना सांग:

कान नेले, हात ठेवले,
शुक्र तुहाच, मालका.

आवाज मोठा होतो की बारीक, आता मी विचारत नाही. बहिरा मी झालो, मालक नाही झाला.

सुट्टीत येताना ती हॉस्टेलची गादी घेऊन ये. मधल्या दोन ओळी उसवून पुन्हा घालतो, तुझ्यासमोर बसून, मोठ्यानं म्हणत.

वाट पाहणारा तुझा अब्बा,
शकूर