एकटीला मनोरा बंद

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १०.१२

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे लागेल. घड्याळाच्या मनोऱ्याच्या तिकीटखिडकीवर माझा अपमान झाला. वरचं घड्याळ तेव्हा पावणेदहाच दाखवत होतं, हे वेगळं.

खिडकीतल्या माणसाने मानही वर न करता विचारलं, आजी, सोबत कोण? मी म्हटलं, मी तुमची आजी नाही आणि सोबत छत्री आहे. त्याने पेनाने पाटी दाखवली. साठीपुढच्या व्यक्तींना एकट्याने वर प्रवेश नाही. एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या; मध्येच कोणी बसलं तर खाली येऊन सांगणार कोण, म्हणे. दोघी साठीपुढच्या असल्या तर? तर चालेल, म्हणाला. म्हणजे जोडीने बसलं तर हरकत नाही!

तक्रार निवारण कक्षात एकतीस वर्षं काढली आहेत मी. त्याला कल्पना नाही कोणाशी गाठ आहे.

संकल्प : मनोरा चढल्याशिवाय गाव सोडायचं नाही. बस शुक्रवारी सकाळी. वेळच वेळ आहे.

दुपारी ४.००

ताईला फोन. ती येणारच होती. पाचवीच्या पुस्तकात या मनोऱ्याचं चित्र होतं. दोघींनी मिळून चढायचं, असं तेव्हापासून ठरलेलं. लॉजमध्ये दोन खाटांची खोलीसुद्धा घेतली. रविवारी तिचे गुडघे धरले. आज म्हटलं, परवापर्यंत ये. म्हणाली, अगं, तू खालूनच काढ ना फोटो. मागून पत्ते पिसल्याचा आवाज आणि हसणं. पत्ते खेळायला गुडघे लागत नाहीत वाटतं.

मला काही फरक पडत नाही. एकटीने फिरण्यात वेगळीच मजा असते. दुसऱ्या खाटेवर पर्स, छत्री आणि स्वेटर नीट मांडून ठेवले. जागा वाया घालवू नये.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ८.३०

लॉजच्या नाश्त्याला एक बाई न विचारता समोर येऊन बसली. माझ्याच वयाची. हातात हा एवढा थर्मास. तिलाही मनोऱ्यावर सोडलं नाही म्हणे. आपण दोघी जाऊ या का, म्हणाली. मी सांगितलं, माझा कार्यक्रम ठरलेला आहे. कोणी ओळख करून दिल्याशिवाय परक्यांशी बोलू नये, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पहिलीतच शिकवलं होतं. ओळख करून द्यायला तिसरं माणूस नव्हतं, त्याला मी काय करू? शिवाय चहात पडलेलं बिस्किट ती बोटाने काढते.

दुपारी ३.००

जुना तुरुंग पाहिला. एकांतकोठडीत एकटीला प्रवेश आहे. सोबत कोण, असं कोणी विचारलं नाही. दार लावून आतला अंधार पाहता येतो, पण लावायला बाहेर माणूस लागतं. उघड्या दारातच उभी राहिले. माहितीफलकावर दोन चुका. टिपून घेतल्या. दाखवायच्या कोणाला?

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ७.१५

निर्णय : थर्मासवालीला एक संधी द्यायची. निव्वळ दयेपोटी. बिचारी एकटी पडली आहे. नाश्त्याला समोरच्या खुर्चीवर स्वेटर टाकून तिची जागा धरली.

सकाळी ९.४०

तीन जणांनी खुर्ची मागितली. दिली नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, त्या बाई केव्हाच बाहेर पडल्या.

सकाळी ११.०५

ती वर आहे! कठड्याशी उभी, थर्माससकट. शेजारी कोणी निळ्या टोपीवाली. दोघी खाली बघून हात हलवत होत्या. मीही छत्री हलवली. माशी होती.

उतरल्यावर धापा टाकत माझ्याकडेच आली. अहो, तुम्ही हव्या होतात, म्हणाली. टोपीवाली बसस्टॉपवर भेटली म्हणे. वरून नदीला तीन वळणं दिसतात, खालून एकच. मग थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायला लागली. मी म्हटलं, मला घाई आहे. होतीच. तुरुंगात तिसरी चूक असल्याचा संशय होता.

दुपारी ३.३०

नव्हती. परत आले तेव्हा ती दुपारच्या बसने गेली होती.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ८.२०

बसला चाळीस मिनिटं. खिडकीवर जाऊन कालची नोंदवही मागितली, पुरावा म्हणून. आज तो मला मॅडम म्हणाला. उशिरा सुचलेलं शहाणपण. मनोरा एक एप्रिलपासून दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद, हेही सांगितलं. वहीत थर्मासवालीचं नाव गिचमीड, पत्ता मात्र स्वच्छ. उतरवून घेतला.

सकाळी १०.४५

बसमध्ये पत्र लिहिलं. शेजारची जागा रिकामी होती, त्यामुळे कोपराला ऐसपैस. आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडून ‘महोदया’ केलं. प्रत इथे ठेवते :

महोदया,

विषय : मनोऱ्यावर दोन व्यक्तींनी जाण्याबाबत.

आपण दि. ५ रोजी तोंडी प्रस्ताव मांडला होता. तो नाकारला नव्हता, विचाराधीन होता. निकालाची वाट न पाहता आपण अन्य व्यक्तीसह चढलात, ही गोष्ट गंभीर आहे. तथापि नदीच्या तीन वळणांची खातरजमा होणे आवश्यक आहे. तरी दि. २७ मार्च रोजी सकाळी दहा वाजता आपण तिकीटखिडकीपाशी याल किंवा कसे, ते कळवावे. थर्मास आणण्यास हरकत नाही. बिस्किटाबाबतची हरकत मागे घेतली आहे. ती आपल्याला कळवलेली नव्हती.

उत्तर न आल्यास आपल्याला काही म्हणायचे नाही, असे समजले जाईल. तसे समजण्याची वेळ आणू नये. उत्तर लेखीच हवे, आणि ते २० मार्चला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे.