पातळ रिंग आणि सतीशचा पाइप

मंगळवार, संध्याकाळी सात. मुकुंदवाडी.

आज जिवाला गार वाटलं. खोटं कशाला लिहू?

गेल्या हप्त्यात आमच्या सुपरवायझरनं, सतीशनं, मी केलेल्या रिंगा गिऱ्हाईक कंपनीच्या इंजिनिअरला दाखवल्या. "पद्धत माझी हाय," म्हणाला. मी तिथंच लेथवर उभा! एवढी पातळ रिंग चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, दबू नये म्हणून त्या पकडीचे मऊ जबडे मीच तिच्या मापाचे कोरलेले. माझं नाव नाय घेतलं त्यानं.

आज इंजिनिअर परत आले. म्हणाले, समोर करून दाखवा. जबडे मी सकाळीच काढून डब्याच्या पिशवीत ठेवले होते.

सतीशनं कडक जबडे लावले, जास्त जोर लागावा म्हणून चकच्या चावीला पाइप लावून कचकचून आवळले. हळूच विचारलं, "बराबर हाय ना, सलीमभाई?"

"पद्धत तुमची हाय साहेब, मी काय सांगू?"

रिंग आतनं कातून झाली; ती चकमध्ये होती तोवर माप बघायचं गेज आत अलगद गेलं. सतीश हसला. चक सैल करायलाही पाइपच लागला. दाब सुटला, रिंग वाकडी झाली, तेच गेज आता शिरेना.

तेव्हा त्याला माझं नाव आठवलं. "साहेब, ही मशीन सलीमभाईची हाय."

 इंजिनिअर सतीशच्या हातातल्या पाइपकडं बघत राहिले.

मी आधी सांगायला पाहिजे होतं का? नाय. जबडे अजून पिशवीतच हायत. उद्या तो मागायला येईल. मागू दे, पण त्याच इंजिनिअरसमोर.