लेकीला नावाने हाक मारल्याबद्दल

आदरणीय इझोल्दाताई,

कुताइसीहून धाकट्या बेसिकचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तू थेस्सालोनिकीत सांभाळतेस त्या म्हाताऱ्या बाई अजून तुला पोलीस समजतात का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. (हे पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं. ठणठणीत फक्त कोंबडा आहे.)

झालं असं. मंगळवारी माझी मिनीबस एलेनेच्या शाळेसमोर सिग्नलला थांबली. आमची पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात, एवढ्या थंडीत गळा उघडा टाकून उभी. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "बाबा, मफलर गुंडाळ! ए बाबा, तुलाच सांगतोय!" आता आपल्याकडे बाप लेकराला 'बाबा' म्हणतो आणि आई 'आई' म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे? पण मैत्रिणी हसल्या, गाडीतले सतरा प्रवासीही हसले (एकीने तर हसता हसता माझ्या सीटवर लोणचं सांडलं). संध्याकाळी हुकूम सुटला, "मी पंधरा वर्षांची आहे. यापुढे मला नावाने हाक मारायची."

मी पडलो आज्ञाधारक. "एलेने, पाव दे." "एलेने, दिवा घालव." आपल्या घरात बाप नाव कधी घेतो ते तुला ठाऊक आहे. वडिलांनी 'बेसिक' म्हटलं की मी थेट जर्दाळूच्या झाडावर चढायचो. पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी नियम पाळत राहिलो आणि पोरीचं तोंड उतरत गेलं. चौथ्या दिवशी तिने चीज भरलेली गरम खाचापुरी तशीच ठेवली (माझ्या हातची होती, म्हणून आधी मलाच राग आला) आणि विचारलं, "अजून किती दिवस रागावणार आहेस माझ्यावर?"

"मी कुठे रागावलोय, एलेने?"

झालं. ढसाढसा रडायला लागली. तुझी भावजय मायको स्वयंपाकघरातून डाव घेऊनच बाहेर आली. "अरे दगडा, जवळ घे की तिला!" मला घ्यायचं होतं गं. पण त्याची परवानगी त्याच हुकमात येते की वेगळी काढावी लागते, ते कळेना. म्हणून मी तिचे बूट पुसून ठेवले.

तुझा,
बेसिक

ता. क. रविवारी तिला फोन करशील तेव्हा सहज विचार: घरात, दार लावून, हळू आवाजात 'बाबा' चालेल का? मी विचारायला लावलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. २. विचारू नकोस. आत्ताच तिने आतून चार्जर कुठंय म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टेबलावर आहे, बाबा." ती आली, माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि चार्जर न घेताच गेली.

तर फोन मलाच कर. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तोवर रोज मला "जेवलास का, आई?" म्हणून विचारायची. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही. तुझा आवाज अगदी तिच्यासारखा आहे. एकदा तसंच विचार. मायको शेजारी असली तर मी नुसतं 'हो' म्हणेन.